पांढऱ्यातली निळाई

आमच्या ह्यांना कारखान्यात सगळे पारखी म्हणतात. खरं नाव हजेरीपुरतंच उरलंय. कारखाना इनॅमलच्या भांड्यांचा: हात धुवायची तसराळी, ट्रे, किटल्या, मग, घरांवर लावायच्या नंबराच्या पाट्या. लोखंडी पत्र्यावर पांढऱ्या काचेचा थर द्यायचा आणि भट्टीत भाजून पक्का करायचा, हे तिथलं काम. भाजून निघालेला प्रत्येक नग ह्यांच्या टेबलावर यायचा. हे तो खिडकीच्या उजेडात तिरपा धरायचे, एक डोळा बारीक करायचे आणि उजवीकडे ठेवायचे. नाही पटला तर डावीकडे. डावीकडे गेलेल्या नगाबद्दल मालकसुद्धा चकार शब्द काढत नसत.

लग्न नवीन होतं आणि हे अजून भट्टीवर होते, तेव्हा मी एकदा विचारलं, "अहो, पांढरं ते पांढरं. त्यात एवढं बघायचं काय असतं?" आणि बसले पस्तावत. अख्खी संध्याकाळ गेली, चूल तशीच राहिली. पण खोटं कशाला बोलू, ऐकता ऐकता मी चाट पडले.

हे म्हणाले, त्या काचेत टायटॅनियम डायऑक्साइड नावाची पूड विरघळवलेली असते. काच गरम रसासारखी असते तोवर ती पूड कुठे दिसतच नाही, जणू घातलीच नव्हती. मग ती काच कुटायची, दळायची, पाण्यात कालवून पत्र्यावर फवारायची आणि भट्टीत सरकवायची. तिथे काही मिनिटांत त्या काचेच्या पोटातून पुडीचे बारीक बारीक स्फटिक वर येतात, आणि थर पांढरा होतो. पांढरा रंग कोणी लावत नाही, तो आतून उगवतो. असं म्हणताना ह्यांचा आवाज एकदम खाली आला. एरवी हा माणूस भाजी खारट झाली तर तिसऱ्या घराला ऐकू जाईल असा बोलतो.

"आता गंमत ऐक," हे म्हणाले. "हे स्फटिक दोन तऱ्हेचे. एक अनाटेज, एक रुटाइल. माल दोघांतही तोच, मापही तेच. फरक फक्त बसण्यात. अनाटेज ऐसपैस बसतो, रुटाइल खेटून बसतो. ऐसपैस बसला की पांढऱ्यात निळसर झाक येते, अगदी थंडगार, स्वच्छ. जास्त तापला की तोच सरकून सरकून खेटून बसतो, त्याचे दाणे मोठे होतात, आणि पांढरं पिवळटतं. सायीसारखं दिसायला लागतं."

मी कपडे शिवते. माझा बटणांचा डबा शेजारीच होता. ह्यांनी तो उचलला आणि मला दाखवला, काठोकाठ भरलेला. मग दोन्ही हातांनी गदागदा हलवला. बटणं खाली बसली, डबा वरून बोटभर रिकामा झाला. "ही उष्णता," हे म्हणाले. "आता हलवून हलवून ही पुन्हा काठापर्यंत आण पाहू." मी वेड्यासारखी हलवत बसले. बटणं कसली वर येतायत!

"तसंच असतं ते. एकदा रुटाइल झालं की झालं, मागे वळत नाही. आणि भट्टीच्या बाहेर तर काही म्हणजे काही हलत नाही. अनाटेजचं भांडं कपाटात टाक आणि तुझ्या पणतीने ते काढू दे. बसलेले तसेच बसलेले असतील."

"मग भट्टीत त्यांना धरून कोण ठेवतं?"

ह्याच प्रश्नाची हे वाट बघत होते बहुतेक. डोळे असे लकाकले की मला वाटलं, माझ्याशी लग्न केल्याचं आत्ता कुठे सार्थक झालं. काच वितळवतानाच तिच्यात थोडं फॉस्फेट घालायचं, हे म्हणाले. पुडीच्या मानाने चिमूटभरच. ती चिमूट अनाटेजला जागेवर धरून ठेवते, लगेच खेटू देत नाही. कारखान्यात तिला पहारेकरी म्हणतात. उलट चुकून लोखंडाचा कीस पडला, तांब्याचा कण पडला, तर तो फितुरी करतो: रंग तर नासवतोच, वर सगळ्यांना लवकर रुटाइलकडे नेतो. डोळ्याला न दिसणाऱ्या एवढ्याशा कणाने कोट्यवधींनी कसं बसायचं ते ठरतं.

"इतकी वर्षं बघतोय," हे म्हणाले, "मला अजून खरं वाटत नाही गं."

असा हा माणूस. आधी भट्टीवर राबला, मग केस पांढरे व्हायला लागले तसा मालकांनी टेबलावर आणला. भट्टीसमोर उभं राहून चेहऱ्याची एक बाजू कायमची तांबूस झालेली. यंत्र होतं म्हणे रंग मोजायचं, पण ते बिघडून कपाटात पडलं, आणि दुरुस्त करायचं कोणाच्या मनातही आलं नाही. पारखी असताना यंत्राला कोण विचारतो! शेजारी नमुन्याची पाटी टांगायची पद्धत सगळीकडे असते, हे तीही टांगू देत नसत. "नमुना माझ्या डोळ्यात आहे," असा तोरा.

आमच्या एकुलत्या एक लेकीने हे सगळं दुधाबरोबर प्यायलं. शाळेत बाकीच्या मुली चित्रात घर काढायच्या, ही भट्टी काढायची. मी म्हटलं, माझ्या मशीनवर बस, सावलीतलं काम आहे. छे! शिकली, आणि गेली सरळ कारखान्यात. भट्टीवरचे म्हातारे काका गुडघ्यांनी टेकीला आले तेव्हा मालकांनी तिला भट्टीसमोर उभं केलं, पण अट घालून. हॉस्पिटलची तसराळ्यांची मोठी ऑर्डर आली होती. "ती नीट निघाली तर भट्टी तुझी. नाही तर दुसरा माणूस बघतो." त्या दिवशी घरी येऊन तिने मला उचलून गरागरा फिरवलं. माझं वजन काही थोडंथोडकं नाही.

ती काम करताना मी पाहिलेलं नव्हतं, पण सांगायची. झरोक्यातून बघायचं. थर आधी खडबडीत, मेलेला दिसतो. मग संत्र्याच्या सालीसारखा होतो. मग एका क्षणी गुळगुळीत होऊन चमकतो आणि त्याच्यात भट्टीची लाल भिंत दिसायला लागते. तोच क्षण. त्याच्या आधी काढलं तर कच्चं, त्याच्या फार पुढे गेलं तर पहारेकरी थकतात आणि रुटाइल शिरतं. "आई, तो क्षण समोरून निघून जाताना दिसतो," ती म्हणायची. बापाचाच आवाज.

आणि बापानेच तिची तसराळी डावीकडे ठेवायला सुरुवात केली.

पहिल्या दिवशी थोडी. मग जास्त. मग निम्मी. "पिवळी आहेत. रुटाइल झालंय. भट्टी जास्त होतेय तुझी." तिने आच कमी केली. तरी पिवळी. तिने आणखी लवकर काढली, तर थर कच्चा राहिला, बारीक भोकं पडली, ती तर कोणालाही दिसली असती. ती पुन्हा जुन्या मापावर आली. पुन्हा डावीकडे.

घरात तर काय सांगू! दोघांचं बोलणं बंद, आणि मी मधली टपालवाली. "तुझ्या लेकीला सांग, डोकं ठिकाणावर ठेवून काम करायचं असतं." "आई, बाबांना सांग, भाकरी हवी की भात." एका ताटात जेवणारी माणसं, आता एकमेकांकडे बघेनात. एकदा मी दोघांनाही म्हटलं, माझा निरोप्याचा धंदा आजपासून बंद, आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. तर दोघं बाहेर गप्प बसून राहिले. इतके गप्प, की मीच घाबरून दार उघडलं.

ती एकदा एक तसराळं घरी घेऊन आली, पिशवीत लपवून. मला दाखवलं. मी धाग्यांचे रंग जुळवत आयुष्य काढलंय. पांढऱ्या कापडाला पांढरा दोरा जुळवणं हे सगळ्यात अवघड काम, शिवणाऱ्या कोणालाही विचारा. मला ते तसराळं स्वच्छ पांढरं दिसलं, निळसर, नुकतंच पाणी घातलेल्या दुधासारखं. मी तडक ह्यांच्यापुढे नेलं. "हे पिवळं आहे?"

ह्यांनी पाहिलं. "आहे."

"काहीतरीच काय! मला तर—"

"तू बाह्या शिव," हे म्हणाले.

मला काय राग आला! पण खरं सांगायचं तर मीही गप्प झाले. सगळं गाव ज्याच्या डोळ्यावर विसंबतं, तो म्हणतो पिवळं, तर असेल पिवळं. आपल्यालाच बारकावा कळत नसेल. मालकांचं तेच, कामगारांचं तेच. प्रत्येकाला पांढरं दिसत होतं आणि प्रत्येकजण स्वतःच्याच डोळ्यावर संशय घेत होता.

मग ह्यांनी शेवटचा उपाय काढला. म्हणाले, पहारेकरी कमी पडतायत, चिमूट वाढवा. काचेच्या नव्या घाण्यात जास्त फॉस्फेट घातलं. लेकीने त्याच आचेवर भाजलं. थराची चकाकी थोडी मेली, हाताला जरा खरखरीत लागायला लागला, कारण ती चिमूटही हद्दीबाहेर घातली की काच बिघडवते. पण निळसरपणा मात्र हवा तसा आला असणार, त्याबद्दल शंका नको. ह्यांनी नग उजेडात धरला. बराच वेळ धरला.

"पिवळं आहे," हे म्हणाले.

त्या दिवशी घरी आले ते भिंतीकडे तोंड करून बसले. "फॉस्फेट वाढवलं तरी पिवळं," एवढंच दोन-तीनदा पुटपुटले. आयुष्यभर ज्या चिमटीवर श्रद्धा ठेवली तिनेच दगा दिल्यासारखं तोंड झालं होतं. लेक दारात उभी राहून बापाकडे बघत होती. मला वाटलं, आता भांडेल. पण ती आत गेली आणि तिने ह्यांच्यासाठी पाणी आणून ठेवलं.

हॉस्पिटलची तारीख डोक्यावर आली तसे मालक घायकुतीला आले. त्यांनी फर्मान काढलं: डावीकडची सगळी तसराळी पुन्हा भट्टीत जातील. वरून एक पातळ हात फवारायचा आणि परत भाजायचं. कारखान्यात ही रीतच आहे, भोकं पडलेला माल असाच वाचवतात. "उद्या सकाळी सुरू कर," मालक लेकीला म्हणाले, "नाही तर भट्टी सोड."

त्या संध्याकाळी किती दिवसांनी दोघं समोरासमोर बोलली.

"बाबा, पुन्हा भाजली तर ती खरोखरच रुटाइल होतील. दुसऱ्या आचेला पहारेकरी टिकणार नाहीत. हे तुम्हीच शिकवलंत."

"आत्ता काय अनाटेज आहेत ती? गेलेलीच आहेत. वरचा हात तरी पांढरा दिसेल."

"नसतील गेलेली तर?"

ह्यांनी तिच्याकडे पाहिलं. "माझा डोळा चुकतो म्हणतेस?"

लेक काहीतरी बोलणार होती, ओठ हलले होते. मग म्हणाली, "नाही बाबा." आणि ताट उचलून गेली. तसराळी गेली तर ऑर्डर जाणार, ऑर्डर गेली तर भट्टी जाणार, आणि दोष येणार तिच्या माथी. हे तिला कळत नव्हतं असं नाही. मला तर ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडायचं कोणावर?

सकाळी ती न खाताच गेली. ह्यांचं काम माल थंड झाल्यावर सुरू होतं, म्हणून हे मागून निघतात. मी मशीनवर बसले होते, गळ्यात टेप. हे शर्ट घालायला गेले आणि आतून ओरडले, "साबण बदललास का?"

"का?"

"सगळे शर्ट पिवळे. हा बघ. हा बघ! धुतेस की नुसती बुडवतेस?"

बस. एवढ्या दिवसांचं साठलेलं होतं, ते त्या शर्टाच्या निमित्ताने उसळलं. लेकीचं तसराळं पिवळं, माझं धुणं पिवळं, जगात पांढरा एकटा हाच! न्हाणीघरात एक शर्ट भिजत होता. मी तो तसाच्या तसा भांड्यासकट उचलला, गॅलरीत लख्ख उन्हात आणला आणि ह्यांच्या नाकासमोर धरला. "बघा! नीट बघा! आहे पिवळा?"

ह्यांनी शर्टाकडे पाहिलं नाही. भांड्याकडे पाहिलं.

ते इनॅमलचं मोठं तसराळं. लेक जन्मली त्या वर्षी ह्यांनी स्वतः भट्टीवर उभं राहून काढलेलं. तान्ही असताना तिला आम्ही त्यातच आंघोळ घालायचो. असा पांढरा रंग हातून पुन्हा निघाला नाही, असं हे नेहमी म्हणायचे. न्हाणीघरात अंधार, उजेडात ते किती वर्षं कोणी आणलंच नव्हतं.

ह्यांनी काठावरून अंगठा फिरवला. थुंकी लावून पुसलं. मग खाली बसले, भांडं मांडीवर घेऊन. शर्टाचं पाणी पँटवर सांडलं तरी भान नाही.

"हे पिवळं दिसतंय," हे हळूच म्हणाले.

"आता त्यालाही नावं ठेवा."

"अगं, हे पिवळं दिसतंय मला." "पण हे पिवळं होऊच शकत नाही. हे अनाटेज आहे. मी काढलंय. न्हाणीघरात बसून कोणी रुटाइल होत नाही. ह्याला हजारो वर्षं ठेवलं तरी..." ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि ती नजर मी विसरणार नाही. "भांडं बदललं नाही. मग बदललं काय?"

ह्यांना कोणी चूक दाखवली नाही हो. ह्यांच्याच विद्येने ह्यांना पकडलं होतं.

"पोरीने भट्टी लावली असेल!" असं ओरडून हे उठले आणि जे धावत सुटले! भिजका शर्ट गॅलरीत, तसराळं काखेत, पायात वेगवेगळ्या चपला. मीही मागे, गळ्यात टेप तशीच. रस्त्यावरची माणसं बघत राहिली. बघोत.

भट्टीच्या शेडमध्ये मी पहिल्यांदाच पाऊल टाकलं. आमच्यासमोर लेकीने दार उघडून आकड्याने घोडा बाहेर ओढला, लोखंडी कप्प्यांचा, त्यावर तसराळी मांडलेली. बाई गं! निखाऱ्यासारखी लाल होती सगळी. मग लाल विझत विझत केशरी झालं, केशरी विझून गडद पिवळं, आणि मग काठांकडून आत आत पांढरं चढत गेलं, कोणी हात न लावता. माझा राग, धाप, भीती, सगळं विसरून मी बघत उभी राहिले. इतकी वर्षं हा माणूस घरी येऊन भारावल्यासारखा का बोलायचा, ते मला तेव्हा कळलं.

पण चढत चढत ते पांढरं एका जागी थांबलं. थंड झाल्यावरही सायीचा रंग उरला. मला स्पष्ट दिसला.

"थांब!" हे ओरडले. "पुढचा घोडा आत घालू नकोस!"

लेक वळली. मालक ऑफिसातून धावत आले, कामगार जमले. ह्यांनी काखेतलं तसराळं टेबलावर ठेवलं आणि शेजारी लेकीचं एक, डावीकडच्या राशीतलं, अजून दुसऱ्यांदा न भाजलेलं.

"मालक, ही दोन तुम्हाला कशी दिसतात?"

मालक चाचरले. "सारखीच. पण पारखी, तुम्ही—"

"मलाही सारखीच दिसतात. दोन्ही सारखीच पिवळी." ह्यांनी जुन्या भांड्यावर हात ठेवला. "पण ह्याची खात्री आहे मला. हे पांढरं आहे. म्हणजे तेही पांढरं आहे. रास सगळी पांढरी आहे. पिवळा झालाय तो माझा डोळा."

ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्याच्या कामात खोट काढली, त्याने सगळ्यांसमोर स्वतःला डावीकडे ठेवलं होतं. मला त्याच्याइतका मोठा माणूस त्या घटकेला दुसरा दिसत नव्हता, आणि त्याच्याइतका गरीब बिचाराही.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई फटकळ होत्या, मला आवडल्या. यंत्रातून बघून म्हणाल्या, "मोतीबिंदू आहे, आणि चांगला पिकलाय. पिवळं भिंग लावून फिरताय तुम्ही. हळूहळू झालं म्हणून कळलं नाही." मग मान वर करून विचारलं, "आगीसमोर काम केलंय का कधी?"

"वर्षानुवर्षं," हे म्हणाले.

"तरीच. वय आहेच, पण इतकी वर्षं धग लागली की भिंग लवकर बिघडतं. आतलं द्रव्य तेच असतं, पण त्याची घडी विस्कटते."

"आणि परत नाही येत?"

"नाही. काढून दुसरं बसवायचं."

बाहेर बाकावर बसल्यावर माझा हात धरून म्हणाले, "ऐकलंस? माल तोच, मांडणी बिघडली. मी भट्टीकडे बघत होतो, आणि भट्टी माझ्या डोळ्यात तेच करत होती." घाबरलेला माणूस असं बोलत नाही. ह्यांना नवलच वाटत होतं. मी म्हटलं, "धन्य आहे तुमची!" आणि रडू लपवायला पर्समध्ये काहीतरी शोधत बसले.

ऑपरेशन झालं. पट्टी निघाली तेव्हा ह्यांनी आधी डॉक्टरीणबाईंचा कोट पाहिला, मग भिंत, मग खिडकीबाहेरचं आभाळ. "निळं," हे म्हणाले. "किती निळं आहे सगळं! इतके दिवस कुठे होतं हे?" लहान मुलासारखे प्रत्येक पांढऱ्या वस्तूला हात लावत सुटले. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, काही दिवस डोळा चोळायचा नाही, पाणी लागू द्यायचं नाही. हे कुठले ऐकतायत! बाहेर पडताच म्हणाले, "कारखान्यात चल."

मालकांनी थोडी मुदत वाढवून घेतली होती, आणि त्या मोठ्या ऑर्डरचा माल आता गाडीत चढायचा होता. रास मांडून ठेवली होती. ह्यांनी वरचं तसराळं उचललं, खिडकीपाशी नेलं, तिरपं धरलं. मग दुसरं. मग तिसरं. शेवटी राशीसमोर उकिडवेच बसले.

"काय पांढरं केलंयस गं!" हे म्हणाले. "अगं, माझ्या हातून असं निघालं नाही कधी. एकदाच निघालं होतं." लेक पलीकडे उभी होती, हातमोजे हातात. भट्टी तिलाच दिली होती मालकांनी, आदल्याच दिवशी. ती नुसती हसली.

मग ह्यांना भिंतीशी ठेवलेला वेगळा माल दिसला. आम्ही पोचायच्या आत भट्टीत गेलेला तो घोडा. ह्यांनी त्यातलं एक उचललं. नव्या डोळ्याला आता लपणार काय होतं?

"हे खरं रुटाइल," हे म्हणाले. "तुला माहीत होतं, पुन्हा भाजल्यावर असं होणार?"

"हो."

"मग घातलंस कशाला? भट्टी जाईल म्हणून?"

"घातल्यानेच भट्टी गेली असती की, बाबा. सगळी रास नासली असती, हॉस्पिटलने परत पाठवली असती."

"मग?"

ती हातमोज्याची बोटं सरळ करत राहिली. "फॉस्फेट वाढवलं तरी तुम्ही पिवळं म्हणालात ना, त्या दिवशीच मला डोळ्याचं कळलं. आईला सांगितलं असतं तर तिने गल्लीभर केलं असतं."

"अगं कार्टे!" मी म्हटलं.

"रास बरोबर ठरली असती, तर तुम्ही चूक ठरला असता. सगळ्यांसमोर," ती म्हणाली. "मला वाटलं, त्यापेक्षा तसराळीच पिवळी झालेली बरी. भट्टी काय, दुसरीकडे मिळाली असती."

ह्यांच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. मी पटकन रुमाल काढून पुढे झाले, म्हटलं, "अहो, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही म्हणून बजावलंय त्यांनी!" पण तोवर उशीर झाला होता.